योआकिमची मुलगी मरियम
"योआकिमची मुलगी मरियम हाजिर आहे?" इस्तंबूलच्या कोर्टात शिपायाने तिसऱ्यांदा पुकारलं. कुणीच उठलं नाही. सरकारी वकील हसले. "शंभर वर्षं बाई बेपत्ता आहे, साहेब. जमीन सरकारजमा करा." चर्चची झाडलोट करणारी म्हातारी एव्हांथिया मागच्या बाकावर धुमसत होती. सुलतानाच्या अमलात चर्चच्या नावावर कागद होत नसे, म्हणून वर्गणी काढून घेतलेली ती जागा तिच्या पणजोबांनी बिनदिक्कत येशूच्या आईच्या, मरियमच्या नावावर चढवली होती. "कागदावर मरियमचं नाव आहे, चर्चचा काय संबंध?" वकील म्हणाले. एव्हांथिया उठली. पिशवीतून तिने गोंदाने कडक झालेली एक नोटीस काढली आणि टेबलावर आपटली. "ही मरियमच्या नावाची. तुमच्याच माणसाने परवा आमच्या चर्चच्या दाराला डकवली. बाई बेपत्ता आहे ना, वकीलसाहेब? मग तिचं घर तुम्हाला बरोब्बर कसं सापडलं?"