बिस्किटांचा डबा

“हिला आधी कोणतं औषध दिलंय?” खाटेवर पडलेल्या शलाकाकडे बघत डॉक्टरांनी विचारलं. मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून दाखवला.

शेजाऱ्यांच्या घरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मी त्यात जपून ठेवायचो. शिकवणीतलं पोर तापलं की दोन गोळ्या द्यायच्या, ताप उतरला की थांबवायच्या. आठ वर्षांच्या शलाकाला लघवीला जळजळ व्हायची. तिला वर्षभरात पाच वेळा दिल्या. तिचा एकही तास बुडला नाही.

“आमच्या सरांच्या हाताला गुण आहे हो,” तिची आई डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांनी तपासणीचा कागद पुढे केला. जंतू रक्तात पोचले होते आणि तपासून पाहिलेल्या चौदा औषधांपैकी एकही त्यांना लागू पडत नव्हतं.

“सर, दोन गोळ्यांनी दुबळे जंतू मेले, चिवट तेवढे उरले. औषधाला पुरून उरायची युक्ती त्यांच्या जनुकांत असते. त्या जनुकांची नक्कल ते शेजारच्या जंतूंनाही देतात.”

मी मान खाली घातली. ‘आपल्याला जमलं की शेजारच्याला शिकवा,’ हे माझ्या वर्गातलं रोजचं वाक्य.

“मग आता?” आईने विचारलं. डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. तिला रडू फुटलं.

त्या आवाजाने शलाकाने डोळे उघडले. माझ्या हातातला डबा दिसताच तिचा चेहरा खुलला.

“आई, रडू नको ना. सर गोळ्या घेऊन आलेत,” ती पुटपुटली. आणि माझ्याकडे बघून तिने नेहमीसारखा आ केला.