एवढं अत्तर कशाला?
“काका, ही गाडी कधी पुरात पोहलीय का?” मैत्रिणींनी ‘विचारूनच दाखव’ म्हणून पैज लावली होती, मी विचारलंच! डीलरकाका खो-खो हसले. “गाडी आहे बाळ, मासा नाही!” बाबांनी डोळे वटारले. स्वस्तातल्या या जुन्या गाडीवर ते लट्टू झाले होते. मीही, कारण शाळेच्या बसमधली चेंगराचेंगरी संपणार होती. आई मात्र नाकाला रुमाल लावून पुटपुटली, “एवढं अत्तर कशाला शिंपडलंय?” आता मला खराच संशय आला. मी मागच्या सीटवर बसून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. चकाचक बेल्टचं आतलं टोक चिखलाने कडक झालेलं! “आधीच्या मालकाची मुलं मस्तीखोर होती,” डीलरकाका घाईघाईने म्हणाले. “बेल्टच्या खोबणीत शिरून खेळायची का?” मी विचारलं. बाबा नखाने चिखल खरवडत राहिले. मी बेल्ट सोडून जाहीर केलं, “आई, बाबा, चला घरी. मी बसनेच जाणार!”