तज्ज्ञाची फी

"बॉयलर फुटला तो चालवणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे," कारखान्याने आणलेले तज्ज्ञ साक्षीदार म्हणाले. चालवणारा म्हणजे मंजुळाबाईंचा नवरा, त्याच स्फोटात गेलेला. बाकावर बसलेल्या मंजुळाबाईंची कानशिलं तापली.

त्यांच्या वकीलबाई उलटतपासणीला उठल्या. "फी किती घेतलीत?"

"चार लाख."

"बॉयलर कितीदा पाहिलात?"

"फोटो पाहिले."

मग नवऱ्याबरोबर पाळीत काम करणाऱ्या जोडीदारानं मंजुळाबाईंच्या बाजूनं साक्ष दिली. महिन्याभराने निकाल लागला. "फी घेणं गैर नाही," न्यायाधीश म्हणाले, "पण बॉयलर न पाहता दिलेलं मत ग्राह्य धरता येणार नाही." भरपाई मंजूर झाली.

बाहेर येताच मंजुळाबाईंनी विचारलं, "मग तो साहेब पैसे परत करणार?"

"नाही हो. फी त्यांचीच," वकीलबाई म्हणाल्या.

"मेलेल्या माणसाला कामचुकार म्हणायचे चार लाख!" मंजुळाबाई कडाडल्या. "आणि खरं सांगायला आलेल्या त्याच्या जोडीदाराची कारखान्यानं त्या दिवसाची हजेरी कापली!"