कात्री नसताना

“दर वेळी इतकी स्वच्छ पट्टी?” अंजलीमॅडमनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

“हो मॅडम,” वैष्णवी म्हणाली.

पेशी लांब आरएनए कातरून बारके तुकडे करते. त्यांच्यापासून प्रथिनं बनत नाहीत. ते दुसऱ्या जनुकांना गप्प बसवतात. कातरणारं प्रथिनच वैष्णवीनं पेशीतून काढून टाकलं होतं. तरी एक तुकडा तयार होत होता; स्क्रीनवरची पट्टी त्याचीच. दुसरं एक प्रथिनही काढलं, की तो नाहीसा व्हायचा. म्हणजे कात्री नसताना कातरकाम ते दुसरं प्रथिन करत होतं. या शोधावर मॅडमच्या हाताखालची तिची पीएच.डी. उभी होती.

पण हवं तेच, हवं तेव्हा हाती लागलं, की मॅडमच्या मनात पाल चुकचुकायची. पोरगी निफाडहून ये-जा करणारी, शिष्यवृत्ती संपत आलेली. घाईत माणूस काय करील, सांगता येत नाही.

“पेपर छापायला पाठवण्याआधी शेवटचं एकदा कर,” त्या म्हणाल्या.

वैष्णवीनं बर्फात दोन नळ्या ठेवल्या. एकीत तुकडा दिसायला हवा होता; दुसरीतल्या पेशींतून दोन्ही प्रथिनं काढलेली, तिच्यात नाही. नावं ती झाकणांवरच लिहायची. ती डबा खायला गेली, तेव्हा मॅडमनी दोन्ही झाकणांची अदलाबदल केली. पोरगी खोटी असेल, तर चित्र तरीही हवं तसंच येईल.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी दारातच उभी राहिली. डोळे सुजलेले.

“मॅडम, पेपर पाठवू नका. सगळं उलटं आलंय. तुकडा नको तिथे दिसतोय, हवा तिथे नाही. आधीचंही माझं चुकलंच असणार.”

“तुझं काही चुकलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “झाकणं मी बदलली होती.”

“चुकून?”

हो म्हणणं सोपं होतं.

“नाही.”

वैष्णवीचा शोध खरा ठरला होता. पण ती हसली नाही. तिनं हातमोजे चढवले.

“पुन्हा करते,” ती म्हणाली. “या वेळी शेजारीच उभ्या राहा, मॅडम. हात मात्र अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवा.”