शून्य मुक्काम

“पाहुणा शून्य दिवस राहिला म्हणून यादीतून गळला. ही चूक आहे,” ती म्हणाली.

“चूक कसली? त्याच तारखेला आला, त्याच तारखेला गेला. वजाबाकी केली की शून्यच उरणार,” प्रोग्रामर म्हणाला.

हॉटेलांसाठीचं सॉफ्टवेअर संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं होतं. टेस्ट डेटाबेसमध्ये खोटे पाहुणे भरून ते तपासायचं काम तिचं. ऑफिसात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत, कारण तिच्या नजरेतून एक खडा सुटायचा नाही. पण लांबलेल्या रजेवरून परतल्यापासून ही चाळणी हसायची विसरली होती. सहा वर्षं तिच्या शेजारी बसणाऱ्या प्रोग्रामरला ते फार लागत होतं.

“यायचा-जायचा कॉलम नुसत्या तारखेचा आहे. वेळही मावेल असा कर.”

“अगं, एका पाहुण्यापायी सगळी आकडेमोड पुन्हा लिहू? राईचा पर्वत करू नकोस. काढून टाक ती नोंद.”

“नाही काढणार.” तिचा आवाज कापरा झाला. “तो आला होता. आला होता, तर दिसायला हवा.”

खोट्या पाहुण्यासाठी कुणी असं बोलतं का? प्रोग्रामरला आधी राग आला, मग तिची काळजी वाटली. जेवणाचा डबा तसाच बाजूला सारून तो चरफडत कामाला लागला.

कॉलमचा प्रकार बदलताच जुन्या सगळ्या पाहुण्यांचे बारा वाजले. वेळ कुणाचीच नोंदलेली नव्हती, म्हणून डेटाबेसनं सरसकट मध्यरात्र ठोकून दिली होती. ती एकेक वेळ भरायला बसली. बाकीच्यांना तिनं मनाला येईल ती वेळ दिली. त्या एकाची मात्र न अडखळता टाइप केली. आला पहाटे पाच बाराला, गेला दुपारी चार अडतीसला.

पडद्यावर उमटलं: मुक्काम अकरा तास सव्वीस मिनिटं.

ती त्या ओळीकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. एका आकड्यानं माणसाला इतकं बरं वाटावं, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

“झालं समाधान? आला बाई तुझा पाहुणा,” तो हलकेच म्हणाला. “आता नाव तेवढं टाक. तो रकाना रिकामाच आहे.”

तिनं कीबोर्डवरचा हात मागे घेतला.

“नाव ठेवायच्या आधीच गेला रे तो.”