उस्तादांचे केस

"उस्ताद, आधी स्वतःचं डोकं बघा!" खुर्चीत बसता बसता पोस्टमन हसला. "कॉलर दिसेना झालीय."

उस्तादांनी त्याच्या गळ्याला कापड बांधलं. सलून चालवणाऱ्या माणसाचेच केस मानेवर लोळतात, यावरून रोज कोणी ना कोणी चेष्टा करायचंच.

"द्या कात्री, मीच कापतो."

"माझ्या डोक्याला हात लावायचा नाही कोणी!"

उस्तादांनी कात्री मागे घेतली.

त्या डोक्यावर हक्क फक्त त्यांच्या मुलाचा होता. लहानपणी तो खोक्यावर उभा राहून फुग्याला फेस लावायचा आणि फुगा न फोडता त्यावरून वस्तरा फिरवायचा. कात्रीचा हात मात्र त्याने बापाच्याच डोक्यावर बसवला. पहिल्या वेळी उस्ताद महिनाभर टोपी घालून हिंडले. कोणी विचारलंच, तर टोपी काढून ऐटीत दाखवायचे, "पोराची कलाकारी!"

पुढे पोराला गोल फिरणाऱ्या खुर्च्या हव्या झाल्या, केस धुवायचं बेसिन हवं झालं. उस्ताद अडून बसले. शब्दाला शब्द लागला आणि पोरगा हत्यारांची पेटी उचलून घराबाहेर पडला.

"काही खबर?" पोस्टमनने हळूच विचारलं.

"धंदा बरा चाललाय म्हणे. राहतोही तिथेच, दुकानामागे."

"जाऊन या की एकदा."

"जाणं इतकं सोपं असतं का?"

"तो येणार नाही, तुम्ही जाणार नाही. झुरताय मात्र दोघंही."

उस्ताद कात्री चालवत राहिले. पोस्टमन गेल्यावर मात्र त्यांनी कात्री पुसून ठेवली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि माडीकडे तोंड करून हाक मारली, "अगं, पोराकडे जाऊन येतो!"

बायको पदराला हात पुसत धावतच खाली आली.

"वाळलाय हो पोरगा. काही बोलला तर ऐकून घ्या. तोंडाला तोंड देऊ नका."

"हं."

"आणि लवकर या म्हणणार नाही मी. बसा निवांत."

उस्तादांनी दुकानाला कुलूप घातलं. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, एक ट्रक जाऊ दिला आणि रस्ता ओलांडून समोरच्या सलूनचं काचेचं दार ढकललं.

आतली कात्री थांबली.

"बसा, बाबा," गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून नजर न उचलता मुलगा म्हणाला, "पुढचा नंबर तुमचाच."