बेसांव

आमच्या वाडीतल्या क्रुसापुढची प्रार्थना संपली की मुलं हात जोडून प्रत्येक मोठ्या माणसाकडे बेसांव मागतात. हा आशीर्वाद सगळ्यांकडून घेतल्याशिवाय उकडलेले चणे मिळत नाहीत. नियम माझाच. मी त्यांची धर्मशिक्षणाची टीचर.

गेल्या मे महिन्यात नऊ वर्षांची रोवेना सगळ्यांकडे गेली, फक्त पास्कू अंकलना टाळून माझ्यामागे येऊन उभी राहिली. चारचौघांत मलाच लाज वाटली. “असा करूक नाय गो, मोठे आसत ते,” म्हणत मी तिचा हात धरला आणि तिला त्यांच्यापुढे नेऊन उभं केलं. तिने बेसांव घेतलं. शहाण्यासारखी वागली म्हणून मी तिला मूठभर चणे जास्त दिले.

आज रोवेना आपल्या मम्मीला बिलगून चर्चच्या बालसंरक्षण समितीसमोर बसली होती. पास्कू अंकल तिच्याशी गेलं वर्ष-दीड वर्ष काय करत आले, ते तिने खाली मान घालून सांगितलं. समितीची सचिव मीच, त्यामुळे फॉर्म मी भरत होते. शेवटचा रकाना होता, ‘मुलीने हे सर्वप्रथम कोणाला सांगितले?’

“पयला मम्मीक सांगलंस मा गो?” मी पेन टेकवत विचारलं.



“नाय टीचर, तुमका. तुमच्या पाठी येवन लपलंय, तेव्हा.”